मामांच्या वहीतला सेन्ना

आमच्या घरातलं सर्वांत जुनं भांडण बांधावरून नाही, की लग्नातल्या मानपानावरूनही नाही. ते एका बेरजेवरून आहे आणि ती बेरीज १९८८ सालची आहे. त्या वर्षी फॉर्म्युला वनच्या सोळा शर्यतींत अलेन प्रॉस्ट या फ्रेंच ड्रायव्हरने १०५ गुण मिळवले आणि आयर्टन सेन्ना या ब्राझीलच्या ड्रायव्हरने ९४. जगज्जेता झाला सेन्ना. १०५ आणि ९४ यांत मोठा आकडा कोणता, हे बालवाडीतलं पोरही सांगेल. माझे मामा हेच विचारत आणि शेवटपर्यंत विचारत राहिले.

मामा चिकलठाण्याच्या एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. इंजिन उघडायचं, दुरुस्त करायचं, बंद करायचं आणि हात पुसून घरी यायचं, यात त्यांची हयात गेली. मी तेव्हा वाळूजच्या एका कारखान्यात नवा नवा लागलो होतो. शहराला तेव्हा आपण औरंगाबाद म्हणत होतो, आज छत्रपती संभाजीनगर म्हणतो. मोटारींच्या शर्यतींचं वेड आम्हा दोघांना एकदमच लागलं. कारखान्यातले एक साहेब इंग्रजी क्रीडा मासिकं घेत. ती वाचून झाली की माझ्याकडे येत, माझ्याकडून सिडकोतल्या मामांच्या घरी जात. मामा त्यातले निकाल शंभर पानी वहीत उतरवून घेत. लाल शाईने रकाने आखलेले, एका ओळीत प्रॉस्ट, खालच्या ओळीत सेन्ना. मामा प्रॉस्टचे, मी सेन्नाचा.

आपल्याकडे या नावामुळे भलताच घोटाळा व्हायचा. आम्ही बोलताना सेन्ना न म्हणता सरळ सेना म्हणायचो. रविवारी संध्याकाळी मामांच्या ओट्यावर सेना जिंकणार की नाही यावर आमचे आवाज चढले की रस्त्याने जाणारे थांबत आणि कोणत्या वॉर्डाचं बोलताय म्हणून विचारत. मामींनी एकदा चहाचा ट्रे खाली ठेवून आम्हाला बजावलं, की निवडणुका आहेत, जरा हळू बोला.

तर ती बेरीज. त्या काळी नियम असा होता, की सोळा शर्यतींपैकी ड्रायव्हरचे सर्वांत चांगले अकरा निकाल धरायचे, बाकीचे सोडून द्यायचे. पहिल्याला ९ गुण, दुसऱ्याला ६. प्रॉस्टने सात शर्यती जिंकल्या आणि सातांत तो दुसरा आला. म्हणजे चौदा वेळा पहिला नाहीतर दुसरा. पण धरायचे अकराच. सात विजयांचे ६३ आणि चार दुसऱ्या क्रमांकांचे २४, एकूण ८७. उरलेल्या तीन दुसऱ्या क्रमांकांचे अठरा गुण गेले पाण्यात. सेन्नाने आठ जिंकल्या. त्याचे ७२ आणि तीन दुसऱ्या क्रमांकांचे १८, एकूण ९०. तीन गुणांनी विश्वविजेता.

मामांचं म्हणणं, रोज गाडी वेळेवर डेपोत आणणारा ड्रायव्हर मोठा, की चार दिवस उडवून पाचव्या दिवशी खड्ड्यात घालणारा? एसटीत पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवणाऱ्याचा सत्कार होतो. माझं म्हणणं, नियम हंगामाच्या आधीच सगळ्यांना ठाऊक होता आणि तो जिंकणाऱ्याला मान देणारा होता. मुळात शर्यत आणि प्रवासी वाहतूक यांत काही फरक आहे की नाही? यावर मामा वही मिटत.

ज्याच्यावरून आम्ही इतके भांडलो, तो माणूस होता तरी कोण? त्याचा जन्म २१ मार्च १९६० चा, ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरातला. घर सुखवस्तू होतं. वडील मिल्टन दा सिल्वा व्यावसायिक. मुलगा चार वर्षांचा असताना त्यांनी त्याला गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवून एक छोटी कार्ट करून दिली. तेराव्या वर्षी तो पहिली कार्ट शर्यत धावला. पुढे एकदा पावसात त्याची फजिती झाली, तेव्हापासून पाऊस आला की हा पोरगा घरात न बसता कार्ट घेऊन बाहेर पडायचा. ओल्या रस्त्यावर गाडी कशी सरकते, कुठे धरते, हे त्याने अंगात मुरवून घेतलं. पुढे पावसाळी शर्यत म्हणजे सेन्ना हे समीकरणच झालं, त्याचं मूळ इथे आहे.

१९८१ मध्ये तो इंग्लंडला गेला. थंडी, परकी भाषा, नुकतं झालेलं आणि लवकरच मोडलेलं लग्न. वडिलांची इच्छा होती की त्याने परत येऊन घरचा व्यवसाय बघावा. तो गेलाही, पण मन रमेना. परत इंग्लंडला आला. दा सिल्वा हे आडनाव ब्राझीलमध्ये पैशाला पासरी, म्हणून त्याने आईचं माहेरचं सेन्ना हे नाव लावलं. १९८३ मध्ये मार्टिन ब्रंडलशी हंगामभर झुंजून त्याने ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीचं विजेतेपद घेतलं आणि १९८४ मध्ये टोलमन नावाच्या छोट्या संघातून तो फॉर्म्युला वनमध्ये आला.

त्याच वर्षी ३ जूनला मोनॅकोत जे घडलं, त्यावर मामांच्या वहीत दोन पानं भरली आहेत. मोनॅको म्हणजे गावातल्याच रस्त्यांवरची शर्यत. आपल्या गुलमंडीतून ताशी अडीचशेने गाड्या सोडाव्यात तशी. त्या दिवशी पाऊस धो धो कोसळत होता. सेन्ना तेराव्या जागेवरून निघाला आणि एकेकाला मागे टाकत दुसरा आला. पुढे एकटा प्रॉस्ट, आणि दोघांतलं अंतर फेरीगणिक कमी होत होतं. प्रॉस्ट हात हलवून शर्यत थांबवा म्हणून खुणावत होता. बत्तिसाव्या फेरीत लाल निशाण दाखवलं गेलं, निकाल एकतिसाव्या फेरीचा धरला गेला. प्रॉस्ट पहिला, सेन्ना दुसरा.

पण गंमत पुढे आहे. नेमून दिलेलं अंतर बरंच बाकी असताना शर्यत थांबली, म्हणून नियमाप्रमाणे सगळ्यांना निम्मे गुण मिळाले. प्रॉस्टला नवाऐवजी साडेचार. हंगाम संपला तेव्हा निकी लाउडाचे ७२ गुण होते आणि प्रॉस्टचे साडेएकाहत्तर. अर्ध्या गुणाने विश्वविजेतेपद गेलं! मोनॅकोत शर्यत पुरी होऊन तो सेन्नाच्या मागे दुसरा आला असता, तरी त्याला सहा गुण मिळाले असते आणि तो जगज्जेता झाला असता. हे मामांनी स्वतः शोधून काढलं होतं. आपल्याच माणसाच्या विरुद्ध जाणारा हिशेब त्यांनी स्वतःहून मला दाखवला, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं होतं.

सेन्नाचा पहिला विजय २१ एप्रिल १९८५ चा, पोर्तुगालमधल्या एश्टोरिलचा, लोटसच्या गाडीतून आणि अर्थातच पावसात. १९८८ मध्ये तो मॅक्लारेन संघात आला. प्रॉस्ट तिथे आधीपासून होताच. होंडाचं इंजिन बसवलेल्या त्या गाड्यांनी सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. एका म्यानात दोन तलवारी म्हणतात तसं ते वर्ष होतं. मोनॅकोला सुरुवातीची जागा ठरवण्याच्या फेऱ्यांत सेन्ना प्रॉस्टपेक्षा जवळजवळ दीड सेकंदाने वेगवान ठरला. जिथे फरक शतांश सेकंदांत मोजतात तिथे दीड सेकंद! पण प्रत्यक्ष शर्यतीत, भली मोठी आघाडी असताना, अकरा-बारा फेऱ्या उरल्या असताना, लक्ष ढळलं आणि गाडी कठड्यावर आदळली. मामांना हे उदाहरण फार प्रिय. त्यानंतर जपानमधल्या सुझुकाला सेन्नाची गाडी सुरुवातीलाच बंद पडली, तो चौदावा झाला आणि तिथून वर येत शर्यत आणि विजेतेपद दोन्ही घेऊन गेला. हे उदाहरण माझं.

१९८९ आणि १९९० या दोन वर्षांबद्दल लिहिताना आजही माझा हात थोडा अडखळतो. २२ ऑक्टोबर १९८९, पुन्हा सुझुका. विजेतेपद वाचवायला सेन्नाला ती शर्यत जिंकणं भाग होतं. सत्तेचाळिसाव्या फेरीत अरुंद नागमोडी वळणावर त्याने प्रॉस्टच्या आतल्या बाजूने गाडी घातली, प्रॉस्टने वळण घेतलं, दोन्ही गाड्या एकमेकींत अडकून थांबल्या. प्रॉस्ट उतरून चालू लागला. सेन्नाने तिथल्या लोकांकडून गाडी ढकलून घेतली, सुटकेच्या रस्त्याने बाहेर पडला, मोडलेलं नाक बदलून आला आणि शर्यत जिंकलीसुद्धा. मग पंचांनी त्याला बाद केलं. कारण, नागमोडी वळण त्याने पुरं केलं नव्हतं. विजय नान्निनीला, विजेतेपद प्रॉस्टला. वर एक लाख डॉलर दंड आणि डोक्यावर बंदीची टांगती तलवार. शर्यतींच्या जागतिक संस्थेचे अध्यक्ष बालेस्त्र फ्रेंच, प्रॉस्ट फ्रेंच. सेन्नाने उघड आरोप केले. कुस्तीच्या फडात पंचाने निकाल फिरवला की जे होतं, ते सगळं झालं.

माझ्या मते तो निकाल चुकीचा होता. आजही हेच मत आहे. मामाही बऱ्याच वर्षांनी अर्धवट कबूल झाले.

पण पुढच्या वर्षी, २१ ऑक्टोबर १९९० ला, त्याच सुझुकात सेन्नाने जे केलं त्याचं काय? पहिली जागा त्याने मिळवली होती, पण ती जागा रस्त्याच्या धुळीच्या बाजूला होती. ती स्वच्छ बाजूला बदलून द्या ही त्याची मागणी मान्य झाली नाही. प्रॉस्ट आता फेरारीत होता. सुरुवात होताच तो पुढे निघाला आणि पहिल्याच वळणावर, ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगात, सेन्नाने ब्रेक न लावता गाडी त्याच्यावर घातली. दोघेही धुरळ्यात बाहेर. दोघेही वाचले. प्रॉस्ट बाद झाल्यामुळे सेन्ना जगज्जेता.

मी मामांच्या ओट्यावर वर्षभर भांडलो, की तो अपघात होता. प्रॉस्टने दार लावलं, सेन्नाला जागा नव्हती, धूळ होती, आणखी काय काय. १९९१ मध्ये तिसरं विजेतेपद मिळाल्यावर सेन्नाने स्वतःच कबूल केलं, की ते आपण ठरवून केलं होतं. ती बातमी घेऊन मी मामांकडे जायला आठ दिवस टाळाटाळ केली. गेलो तेव्हा मामांनी विषय काढला नाही. निघताना एवढंच म्हणाले, की मागून चाळीस गाड्या येत असतील तर आपला राग डेपोत ठेवून निघावं. सुझुकाला चाळीस नव्हे, पंचवीसच्या आसपास गाड्या होत्या, हे सांगायचा मोह मी आवरला.

नियमांबद्दल सांगायचं तर १९९१ पासून विजेत्याला दहा गुण झाले आणि सगळेच निकाल धरायचं ठरलं. मामांची १९८८ ची तक्रार तीन वर्षं उशिरा मान्य झाली. नव्या नियमातही सेन्नाच जिंकला, तेव्हा मी तो मुद्दा वहीच्या मार्जिनमध्ये माझ्या अक्षरात लिहून ठेवला.

एवढ्यावरून तो निव्वळ भांडकुदळ होता असं कुणी समजू नये. त्याच १९९१ च्या मार्चमध्ये, जन्मगावी इंटरलागोसला, सात वर्षं हुलकावणी देणारी घरची शर्यत त्याने जिंकली. शेवटच्या फेऱ्यांत गिअर एकामागून एक गेले, उरला एकटा सहावा. ज्यांनी डोंगरघाटात टॉप गिअरमध्ये अडकलेली गाडी ओढली असेल त्यांना याचा अर्थ कळेल. मामांना कळला होता आणि त्या दिवशी त्यांनी सेन्नाची मनापासून तारीफ केली. शर्यतीनंतर त्याला करंडकही धड उचलवेना. १९९२ च्या ऑगस्टमध्ये बेल्जियमच्या स्पा इथे सरावात एरिक कोमा याची गाडी आपटून रस्त्यातच पडली. मागून गाड्या येत होत्या. सेन्ना आपली गाडी थांबवून धावत गेला, बेशुद्ध कोमाच्या गाडीचं इंजिन बंद केलं आणि त्याचं डोकं धरून बसला. ज्याने दोन वर्षांपूर्वी प्रॉस्टवर गाडी घातली, तोच हा माणूस. हे दोन्ही एकाच माणसात कसं मावत होतं, ते मला अजून नीट उलगडलेलं नाही.

आपल्या घरी केबल आली ती याच सुमारास. आता शर्यती डोळ्यांनी दिसू लागल्या आणि वादाचा नवा विषय मिळाला. विल्यम्सच्या गाडीत संगणकाने चालणारं सस्पेन्शन होतं. चाक घसरू न देणारी यंत्रणा होती. १९९३ मध्ये प्रॉस्ट त्या गाडीत बसून चौथ्यांदा जगज्जेता झाला. सेन्नाने मॅक्लारेनमधून पाच शर्यती जिंकल्या. ११ एप्रिलला डॉनिंग्टनच्या पावसात तो सुरुवातीला पाचवा होता आणि पहिली फेरी संपताना पहिला. त्या एका फेरीसाठी मामींनीसुद्धा हातातलं निवडणं थांबवलं होतं. मी म्हणायचो, यंत्रच सगळं करणार असेल तर ड्रायव्हरचं कौतुक कसलं? ही उपकरणं बंद करा. आश्चर्य म्हणजे यावर मामांचं आणि माझं एकमत होतं. नियम करणाऱ्यांनीही तेच केलं. १९९४ पासून ती उपकरणं बंद झाली.

प्रॉस्ट निवृत्त झाला. त्यांच्या शेवटच्या शर्यतीनंतर, नोव्हेंबर १९९३ मध्ये अ‍ॅडलेडला, सेन्नाने त्याला विजेत्याच्या पायरीवर ओढून घेतलं. मग सेन्ना प्रॉस्टच्या जागी विल्यम्समध्ये गेला. पण ज्या उपकरणांच्या भरवशावर ती गाडी नावारूपाला आली होती, ती आता नव्हती. गाडी अस्थिर झाली होती. पहिल्या दोन शर्यतींत त्याला एकही गुण मिळाला नाही. मामांनी दोन शून्यं लिहिली. शर्यत अर्धवट सुटली की शून्य, हा त्यांचा वहीचा नियम.

तिसरी शर्यत इटलीतल्या इमोलाची. शुक्रवारी रुबेन्स बॅरिकेल्लोची गाडी उडून जाळीवर आदळली, तो थोडक्यात वाचला. शनिवारी ऑस्ट्रियाचा रोलँड रात्झेनबर्गर सुरुवातीची जागा ठरवण्याच्या फेऱ्यांत गेला. रविवार १ मे १९९४. आपला महाराष्ट्र दिन. दुपारी उन्हाने रस्ते ओस पडलेले, आम्ही कूलरसमोर बसून होतो. आपल्या घड्याळात साडेपाचला शर्यत सुरू झाली आणि सुरू होताच मागच्या रांगेत टक्कर झाली. सेफ्टी कार आली, काही फेऱ्या सगळे तिच्या मागे हळू चालले. मग रस्ता मोकळा झाला. सातव्या फेरीत तांबुरेल्लोच्या वळणावर सेन्नाची गाडी वळलीच नाही. सरळ जाऊन काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. हेलिकॉप्टरमधून दिसणारं ते पिवळं हेल्मेट किंचित हललं आणि थांबलं.

आणि लाइट गेली.

तासभर वाट पाहिली. मामी म्हणाल्या, जेवून घ्या. कोणी उठलं नाही. मामांनी कपाटातून सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर काढला आणि शॉर्टवेव्हवर बीबीसी लावायला बसले. रात्री साडेदहाच्या पुढे कधीतरी, खरखरीतून, बातमी नीट ऐकू आली. बोलोन्याच्या रुग्णालयात तो गेला होता. चौतीस वर्षांचा होता. नंतर वाचलं, की त्याच्या मोडलेल्या गाडीत ऑस्ट्रियाचा झेंडा होता. शर्यत जिंकल्यावर तो रात्झेनबर्गरसाठी फडकवायचा होता.

कारण काय, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद चालला. सेन्नाला हाताला जागा अपुरी पडत होती म्हणून स्टिअरिंगचा दांडा कापून मध्ये कमी जाडीची नळी जोडली होती आणि तो दांडा तुटलेला सापडला. काहींच्या मते सेफ्टी कारमागे टायर गार पडले, हवेचा दाब उतरला आणि गाडीचं पोट रस्त्याला टेकलं. इटलीत १९९७ मध्ये खटला उभा राहिला. मामा त्या बातम्यांची कात्रणं ठेवत. जोडकाम या एका शब्दावर ते फार अस्वस्थ होत. त्यांच्या हातून आयुष्यभरात किती दांडे गेले असतील.

ब्राझीलने तीन दिवस दुखवटा पाळला. शवपेटीला हात लावणाऱ्यांत प्रॉस्ट होता. बहीण विवियानने त्याच वर्षी गरीब मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली, प्रॉस्ट तिच्या कामातही सहभागी झाला. आणि नियम बदलले, एकामागून एक. पिटमध्ये वेगमर्यादा आली. गाडीच्या पोटाखाली लाकडी फळी आली. इंजिनं साडेतीन लिटरवरून तीनवर उतरली. सुटलेली चाकं उडू नयेत म्हणून दोर, मान धरून ठेवणारा पट्टा, आणि २०१८ पासून डोक्यावरची ती कमान, जिच्यामुळे गाडी कुरूप दिसते म्हणून चाहत्यांनी आधी बोंब मारली होती. २०२० साली बहारीनला रोमां ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून पेटली आणि तो आगीतून चालत बाहेर आला, तेव्हा ती बोंब थांबली. इमोलानंतर शर्यतीतल्या अपघाताने फॉर्म्युला वनचा पुढचा ड्रायव्हर दगावला, तो वीस वर्षांनी सुझुकाला जखमी झालेला ज्यूल बियांकी.

डिसेंबर २०२१ मध्ये अबू धाबीला शेवटच्या फेरीत सेफ्टी कारच्या नियमावरून हॅमिल्टन आणि वेर्स्टापेन यांच्या चाहत्यांत जुंपली, तेव्हा माझा मुलगा आणि पुतण्या दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. त्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यात बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, त्यामुळे घरात कोण कशावर ओरडतंय तेच कळेना. मला मामांची आठवण झाली. ते जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी माळ्यावरून वही काढून पोरांना दाखवली.

१९८८ ची बेरीज होती. अर्ध्या गुणाचा हिशेब होता. १९९० च्या सुझुकापुढे दोघांनाही शून्य होतं. मग १९९४ चं पान. इमोलाचा निकाल मामांनी नंतर पेपरातून उतरवला होता : शूमाकर, लारिनी, हाकिनेन. प्रॉस्टची ओळ त्या वर्षी नव्हतीच. सेन्नाच्या ओळीत पहिल्या दोन शर्यतींपुढे दोन शून्यं होती. तिसऱ्या चौकोनात काही लिहिलेलं नव्हतं. पुतण्याने विचारलं, आजोबा इथे शून्य टाकायला विसरले का?